दिवसभर भुंकणारा काजू: ठाण्यातल्या एका शेल्टीची पूर्ण केस

केस घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या सोसायटीतली आहे. कुत्रा शेल्टी, म्हणजे शेटलंड शीपडॉग, नर, अडीच वर्षांचा, सेबल रंगाचा, नाव काजू (नाव बदललंय, घरच्यांची परवानगी घेऊनच लिहितेय). घरात नवरा-बायको दोघं आयटीत, आठवड्यातले निम्मे दिवस वर्क फ्रॉम होम, सात वर्षांची मुलगी आणि आजोबा. मंडळी मूळची ठाण्याचीच, मधे काही वर्षं बेंगळुरूला होती, पिल्लू तिकडेच घेतलं, तिकडे ग्राउंड फ्लोअरचं घर आणि मागे छोटंसं अंगण होतं, आणि मग बदली झाली आणि सगळे इकडे नवव्या मजल्यावर आले. मी ठाण्यात कुत्र्यांच्या वर्तनाचं काम करते, लोक ट्रेनर म्हणतात, चालतं मला.

मला फोन आला तोपर्यंत सोसायटीचं पत्र येऊन गेलं होतं. पत्रात लिहिलेलं की कुत्रा आक्रमक आहे, लहान मुलांच्या अंगावर जातो, दिवसभर भुंकतो, बंदोबस्त करा. झालं होतं असं की पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या मोकळ्या जागेत, संध्याकाळी मुलं खेळत असताना काजूचा पट्टा सुटला आणि तो मुलांच्या भोवती गोल गोल पळायला लागला, आणि सायकलवरच्या एका मुलाच्या घोट्याला त्याने तोंड लावलं. रक्त नाही आलं, ओरखडा होता. मुलाच्या आईने तिथल्या तिथे नळाखाली साबणाने पाय धुतला आणि डॉक्टरकडे नेऊन रेबीजची लस सुरू केली, आणि हे तिने अगदी बरोबर केलं. कुत्र्याचं लसीकरण झालेलं असो नसो, कातडीवर दाताचा ओरखडा उठला की १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं आणि डॉक्टर गाठायचा, यात "अरे घरचाच कुत्रा आहे" वगैरे चालत नाही. हळद, मिरचीपूड, चुना तर अजिबात लावायचा नाही.

दुसरी तक्रार भुंकण्याची. सकाळी आठला बाल्कनीचं दार उघडलं की जे सुरू व्हायचं ते रात्रीपर्यंत. खालच्या मजल्यावर एक बाई नाईट शिफ्ट करून दिवसा झोपणाऱ्या, त्यांचं तर अक्षरशः डोकं उठलेलं आणि मला त्यांची बाजू पूर्ण पटते.

आता यावर लोकांनी दिलेले सल्ले. एकाने सांगितलं शॉकवाला पट्टा ऑनलाइन मिळतो तो लावा. एकाने सांगितलं याला उकडतंय म्हणून चिडतो, मशीन मारून टक्कल करा. आजोबांच्या मित्राने सांगितलं मुरबाडला कोणाचं तरी फार्महाऊस आहे तिकडे सोडून द्या. सगळे चांगल्या मनानेच बोलत होते. पण एकानेही हे विचारलं नाही की ही जात कसली, कशासाठी तयार झाली, आणि माझं या केसमधलं म्हणणं एवढंच आहे की सुरुवात तिथून करायची असते, तक्रारीच्या पत्रापासून नाही.

शेटलंड बेटं स्कॉटलंडच्याही उत्तरेला, समुद्रात. उघडी जमीन, भयंकर वारा, झाडं अगदी थोडी. तिथली मेंढरं लहान, घोडे लहान, तसे कुत्रेही लहान. घराजवळच्या तुकड्यात थोडीफार शेती आणि मेंढरं माळावर मोकळी, कुंपणं फारशी नाहीत. कुत्र्याचं काम हे की मेंढरं शेतात शिरू द्यायची नाहीत, शिरली तर हाकलायची, पाखरं उडवायची, आणि कोणी परकं दिसलं की घरच्यांना ओरडून सांगायचं. म्हणजे भुंकणं हे या कुत्र्याचं मुख्य हत्यार, आणि जो भुंकत नाही तो शेतकऱ्याच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून जे नीट भुंकतात त्यांचीच पिल्लं पुढे वाढवली गेली. १९०८ साली लेरविक गावात यांचा क्लब निघाला, नाव ठेवलं शेटलंड कोली, त्यावर कोली नावाची मोठी मेंढपाळ जात पाळणाऱ्यांनी हरकत घेतली आणि १९१४ मध्ये इंग्लंडच्या केनेल क्लबने शेटलंड शीपडॉग या नावाने वेगळी जात मानली. उंची साधारण ३३ ते ४० सेंटीमीटर, वजन सात ते अकरा किलोच्या आसपास, आयुष्य १२ ते १४ वर्षं. आपल्याकडे "मिनी कोली" म्हणतात पण ही कोलीची छोटी आवृत्ती नाही, ही स्वतंत्र जात आहे.

आजोबांना हे समजावताना मला धनगरांचे कुत्रे आठवले. आजोबांचं गाव कोकणात, दिवाळीनंतर घाटावरून मेंढरांचे वाडे खाली उतरतात आणि लोकांच्या शेतात बसतात ते त्यांनी लहानपणापासून बघितलेलं. त्या वाड्याबरोबर जो कुत्रा असतो तो राखणीचा, त्याचं काम लांडग्याला आणि चोराला जवळ येऊ न देणं, मेंढरं हाकायचं काम माणूस करतो. तो कुत्रा मेंढरांत पडून राहतो, उगाच धावाधाव करत नाही. शेल्टी त्याच्या बरोबर उलट, तो मेंढरं हलवणारा. हलणारी कुठलीही गोष्ट दिसली की ती गोळा करावी, वळवावी असं त्याच्या अंगातच असतं. आजोबा लगेच म्हणाले, "म्हणजे याला इथे मेंढरं म्हणून पोरंच मिळाली." तेच झालं होतं.

शिकारीची एक साखळी असते सगळ्या कुत्र्यांमध्ये, बघणं, दबा धरणं, पाठलाग, पकडणं, मारणं. मेंढपाळ जातींमध्ये माणसाने निवड करून करून शेवटच्या पायऱ्या बोथट केल्या आणि मधल्या वाढवल्या. बॉर्डर कोली नजर रोखून, वाकून, गप्प राहून मेंढरं वळवतो. शेल्टी तसा नाही, तो उभ्याने धावतो, आवाज करतो, आणि जनावर ऐकेना तर टाचेला हलकीशी चिमटी काढतो. ती चिमटी माणसाच्या पोराला लागली की तिचं नाव चावा, आणि समाजाच्या दृष्टीने तो चावाच आहे, त्यात मला काही वाद घालायचा नाही. पण ती चिडून केलेली नाही हे कळलं की उपाय बदलतो.

मी पहिल्यांदा काजूला पोडियमवर बघितलं तेव्हा मुलांपासून लांब, लांब दोरीवर ठेवून नुसतं बघत बसले. मुलं पकडापकडी खेळत होती. काजूचे कान पुढे, शेपटी खाली, तोंड मिटलेलं. एक मुलगा घोळक्यातून बाहेर धावला की याचं वजन पुढच्या पायांवर यायचं, आणि मुलगा परत घोळक्यात गेला की हा सैल पडायचा, जीभ बाहेर. परत कोणी बाहेर धावलं, परत तेच. गुरगुर नाही, केस उभे नाहीत, दात दाखवणं नाही. त्याला त्रास मुलांचा नव्हताच, घोळका फुटण्याचा होता! आणि सायकल म्हणजे तर घोळक्यातून सगळ्यात जोरात सुटणारी गोष्ट, त्यामुळे तिच्यामागे तो गेला यात मला नवल वाटलं नाही.

घरी मी वहिनींना, म्हणजे मुलीच्या आईला, एक वही करायला सांगितली, भुंकला की वेळ लिहायची आणि त्याच्या आधी काय झालं ते. वही भरली तेव्हा चित्र स्पष्ट झालं. बाल्कनीच्या ग्रिलमधून खालचं गेट दिसतं, डिलिव्हरीवाल्यांच्या बाईक्स आत येतात, वळतात, बाहेर जातात. काजूच्या हिशोबाने तो प्रत्येक बाईक हाकलतोय आणि प्रत्येक बाईक खरंच जातेय, म्हणजे त्याचं काम रोज शंभर टक्के यशस्वी होतंय, मग तो थांबेल कशाला? दुसरं कारण लिफ्टची बेल. तिसरं दुपारी स्कूलबस येतात ती वेळ. या सगळ्यात त्याची झोप पार कमी झालेली, आणि झोप नसलेला कुत्रा लहानसहान आवाजालाही उडतो. मोठा कुत्रा दिवसरात्र मिळून अर्ध्याहून जास्त वेळ सहज झोपतो, काजू दिवसा सलग तासभर पडत नव्हता.

आता या केसमधली माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट, आणि ती तक्रारीत नव्हतीच. मी कुठलीही केस घेताना आधी मेडिकल फाइल मागते. फाइल बघताना वहिनी सहज म्हणाल्या की त्याला गोचिड्या फार झाल्यात, शनिवारी इंजेक्शन द्यायचं ठरलंय, एकदा दिलं की गोचिड्या गळून पडतात. कसलं इंजेक्शन विचारलं तर चिठ्ठीवर आयव्हरमेक्टिन.

इथे जरा सविस्तर लिहिते कारण शेल्टी, कोली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड असलं कुठलंही कुत्रं घरात असेल तर हे माहीत असायलाच हवं. एमडीआर१ नावाचं एक जीन आहे. त्याच्यापासून एक प्रोटीन बनतं जे मेंदूच्या रक्तवाहिन्यांशी वॉचमनसारखं उभं असतं, काही औषधं मेंदूत शिरायला लागली की त्यांना परत बाहेर काढतं. मेंढपाळ जातींमधल्या बऱ्याच कुत्र्यांत हे जीन बिघडलेलं असतं, मग ते प्रोटीन बनतच नाही किंवा कमी बनतं आणि औषध थेट मेंदूत साठत जातं. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या टीमने हे २००१ मध्ये शोधून काढलं. त्यांच्या आकड्यांप्रमाणे कोलींमध्ये साधारण ७० टक्के कुत्र्यांत हा बदल सापडतो, शेल्टींमध्ये साधारण १५ टक्के. अशा कुत्र्याला गोचिड्या-खरजेच्या डोसमध्ये आयव्हरमेक्टिन गेलं तर लाळ गळते, बाहुल्या मोठ्या होतात, झोकांड्या जातात, दिसेनासं होतं, थरथर, फिट, कोमा, आणि जीवही जाऊ शकतो. याला उतारा म्हणून एक ठरावीक औषध नाही, दिवसेंदिवस सलाइन आणि देखभाल एवढंच हातात राहतं. हार्टवर्मच्या (हृदयात होणाऱ्या जंतांच्या) महिन्याच्या गोळीत हेच औषध इतकं थोडं असतं की ते या कुत्र्यांनाही चालतं, घोळ होतो तो मोठ्या डोसचा. आणि आपल्याकडे आयव्हरमेक्टिन स्वस्त, सगळीकडे मिळणारं, गाईम्हशींनाही तेच, कुत्र्यांनाही सर्रास तेच.

मी व्हेट नाही, औषध देणं-थांबवणं माझं काम नाही, म्हणून मी वहिनींना एवढंच सांगितलं की शनिवारच्या आधी डॉक्टरांना फोन करून विचारा, "ही शेल्टी आहे, एमडीआर१ टेस्ट झालेली नाही, तरी द्यायचं का?" डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन रद्द केलं आणि गालाच्या आतून स्वॅब घेऊन टेस्टला पाठवला. रिपोर्ट आला, जीनच्या दोन कॉपींपैकी एक बदललेली, एक नॉर्मल. म्हणजे दोन्ही कॉपी खराब असल्यासारखा धोका नाही पण मोठ्या डोसला रिॲक्शन येऊ शकते, आणि पुढे पिल्लं झाली तर त्यांच्यात जाऊ शकतं. गोचिड्यांसाठी डॉक्टरांनी फ्लुरालेनरची गोळी दिली, त्या गटातली औषधं एमडीआर१वाल्या कुत्र्यांवर तपासलेली आहेत (फिट येण्याचा इतिहास असेल तर मात्र डॉक्टरला आधी सांगायचं, या गोळ्यांमध्ये ती काळजी घ्यावी लागते). फाइलच्या पहिल्या पानावर आता लाल पेनने लिहिलंय: आयव्हरमेक्टिन नाही, लोपेरामाइड नाही, भूल द्यायच्या आधी एमडीआर१ सांगा. लोपेरामाइड म्हणजे जुलाबाची ती साधी गोळी, घराघरात असते आणि लोक कुत्र्याला जुलाब झाले की अर्धी देऊन मोकळे होतात, ती या कुत्र्यांना तशीच घातक आहे. मला विचाराल तर या घरावर आलेलं खरं संकट पोडियमवरचं नव्हतंच, ते शनिवारचं होतं.

अंगाची तपासणी करताना अजून दोन गोष्टी निघाल्या. कानांच्या मागचे मऊ केस बोटांनी बाजूला केले तर आत घट्ट गाठी, सुपारीएवढ्या, कातडीला चिकटलेल्या, मान वळवली की ओढ बसणारच. घरचे रोज ब्रश करत होते, मनापासून, पण वरून वरून. शेल्टीचा कोट दुहेरी, वरचा लांब कडक, आतला दाट मऊ लोकरीसारखा. ब्रश वरून फिरला की वरचे केस छान चमकतात आणि आत गाठी तशाच. एका हाताने केसांचा थर वर उचलून धरायचा, कातडी दिसली पाहिजे, आणि मग खालून थोडे थोडे केस मोकळे करत वर यायचं. कानामागे, काखेत, मागच्या पायांच्या झालरीत, या तीन जागी रोज, बाकी अंग आठवड्यातून दोनदा पुरतं, केस गळायचा मोसम आला की रोज. काजूच्या गाठी कात्रीने कापायला मी दिल्या नाहीत कारण शेल्टीची कातडी तिथे पातळ असते आणि गाठीबरोबर कानाचा तुकडा कापला गेलेली कुत्री मी बघितलीयत. थोडं कॉर्नफ्लोअर चोळून, बोटांनी फोडून, मग कंगवा, दोन-तीन बसण्यांत मोकळ्या झाल्या, मधे मधे चिकनचे तुकडे.

टक्कल मात्र नाही करायचं. हे मी दर उन्हाळ्यात सांगते आणि दर उन्हाळ्यात कोणीतरी करून येतं. वरचा कोट ऊन अडवतो, आणि दुहेरी कोट मशीनने उडवला की कधी कधी आधीसारखा परत येतच नाही, ठिगळं ठिगळं येतात. आतली मेलेली लोकर विंचरून काढली की हवा खेळते, तेवढं बास. ठाण्यात खरा त्रास उन्हापेक्षा दमटपणाचा. कुत्रा धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकतो आणि हवेतच पाणी भरलेलं असलं की ते नीट होत नाही, म्हणून एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात फिरणं सकाळी सातच्या आत आणि रात्री आठनंतर. रस्त्यावर हाताची उलटी बाजू सात सेकंद टेकवून बघायची, आपल्याला सोसत नसेल तर त्यालाही नाही. पावसाळ्यात उलटं, भिजला की आतली लोकर दोन दोन दिवस ओली राहते आणि कातडी कुजल्यासारखी लाल होते, म्हणून टॉवेलनंतर ब्लोअर, थंड हवेवर, कातडीपर्यंत कोरडं.

दुसरी गोष्ट खाणं. वजन बारा किलोच्या वर गेलेलं, त्याच्या हाडापेराला ते जास्तच. कारण आजोबा. सकाळच्या चहाबरोबर ग्लुकोज बिस्किटं आणि दुपारी तूप लावलेली पोळी, प्रेमाने. शेल्टीच्या जातीत रक्तातली चरबी वाढण्याची आणि पित्ताशयात चिकट गोळा साठण्याची प्रवृत्ती असते, त्यामुळे तूप-तळण या जातीला इतरांपेक्षा जास्त नडतं. आजोबांना "देऊ नका" म्हटलं असतं तर ते दुखावले असते आणि लपून दिलं असतं, म्हणून त्यांना काकडी, उकडलेला भोपळा, गाजर अशी एक डबी करून दिली आणि ती डबी हेच पुढे ट्रेनिंगचं मुख्य साधन झालं. थायरॉइडही तपासून घ्यायला सांगितलं होतं, शेल्टींमध्ये कमी थायरॉइड बऱ्यापैकी दिसतो आणि त्याने वजनही वाढतं, काजूचा नॉर्मल आला.

आता काम. शॉकचा पट्टा मी हातातही घेऊ दिला नाही. शेल्टी आवाजाला, स्पर्शाला, माणसाच्या मूडला फार हळवा कुत्रा. मुलं दिसली आणि गळ्याला झटका बसला असं दोन-चारदा झालं की तो झटका मुलांच्या नावावर लिहितो, आणि मग आज जो नुसता हाकतोय तो उद्या भीतीने खरोखर चावतो.

पहिलं म्हणजे बाल्कनीतली नोकरी बंद. ग्रिलला खालच्या बाजूने हिरवी शेडनेट बांधली, बाईक दिसणं बंद. दिवसा बाल्कनीचं दार बंद, आतल्या खोलीत पंखा आणि हलक्या आवाजात रेडिओ, तिथे त्याची गादी. जी गोष्ट तो रोज शेकडो वेळा गिरवत होता ती गिरवणंच थांबलं पाहिजे, नाहीतर शिकवलेलं काहीच टिकत नाही. लिफ्टच्या बेलचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून अगदी बारीक आवाजात लावायचा, आजोबांनी लगेच डबीतला तुकडा गादीवर टाकायचा, मग हळूहळू आवाज वाढवायचा. काही आठवड्यांत बेल वाजली की काजू दाराकडे न जाता गादीकडे पळायला लागला. एकदा-दोनदा भुंकून सांगितलं तर रागवायचं नाही, "बघितलं रे, बास" म्हणायचं आणि जवळ आला की द्यायचं. भुंकणं शून्य करा असं मी कुठल्याच शेल्टीच्या घरी सांगणार नाही, ते होणारही नाही आणि व्हायलाही नको.

दुसरं, त्याला खरं काम. जर्मनीत एक खेळ निघालाय, ट्राइबबॉल, मेंढपाळ कुत्र्यांना मेंढरांऐवजी मोठे जिमचे बॉल हाकायला देतात. आम्ही एकच बॉल घेतला, क्लबहाऊसमागचा रिकामा पार्किंगचा कोपरा, वेळ सकाळी साडेसहा. आधी बॉलला नाक लावलं की तुकडा, मग ढकलला की, मग मुलीकडे ढकलत आणला की. मुलगी गोलपोस्ट होऊन उभी राहायची आणि हा बॉल वळवून वळवून तिच्याकडे आणायचा, वाकडा गेला की स्वतःच पुढे धावून अडवायचा, हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. दहा मिनिटं हे आणि दहा मिनिटं घरात लपवलेले तुकडे वासाने शोधणं, यानंतर तो जसा झोपायचा तसा तो ठाण्यात आल्यापासून झोपला नव्हता असं वहिनी म्हणाल्या. नुसतं बॉल फेकाफेकी मात्र बंद केली, त्याने हा कुत्रा दमत नाही, अजून तापतो.

सुट्टीच्या सकाळी उपवनला तलावाकाठी लांब दोरीवर फिरणं, नुसतं हुंगत. येऊरला वर जायची त्यांची फार इच्छा होती, मी पहाटेचं आणि अंधारानंतरचं नको म्हटलं, तिकडे बिबटे आहेत आणि एवढ्याशा कुत्र्याला बिबट्यासमोर काहीच चान्स नाही.

तिसरं, मुलं. आधी लांबून, जिथे तो मुलांना बघू शकतो पण ताणला जात नाही तिथे उभं राहायचं, मुलाकडे बघितलं आणि परत आपल्याकडे बघितलं की तुकडा. अंतर कमी करायला घाई केली नाही, आठवडे लागले. त्याच काळात मी पोडियमवरच्या मुलांना एका संध्याकाळी गोळा करून एक गोष्ट शिकवली, कुठलंही कुत्रं मागे लागलं की पळायचं नाही, झाड व्हायचं, हात अंगाशी, नजर खाली. हलणं थांबलं की शेल्टीचं काम संपतं. मुलांनी ते खेळ म्हणूनच घेतलं, आणि ज्याला तोंड लागलं होतं तो मुलगा त्यात सगळ्यात पुढे होता, त्याच्या आईने त्याला येऊ दिलं याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

सोसायटीशी बोलणं राहिलं होतं. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची २०१५ ची मार्गदर्शक पत्रकं आहेत, त्याप्रमाणे सोसायटी बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राणी बंद करू शकत नाही, आणि मालकानेही शेजाऱ्यांना, विशेषतः रात्री, त्रास होऊ नये म्हणून सगळे प्रयत्न करायचे असतात. दादांना, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याला, पत्रक घेऊन भांडायला जायचं होतं. मी म्हटलं पत्रक खिशात ठेवा, आधी लसीचं सर्टिफिकेट, महापालिकेचं लायसन्स आणि आपण काय काय करतोय ते एका कागदावर लिहून द्या, आणि खालच्या मजल्यावरच्या ताईंना त्यांच्या झोपेच्या वेळा विचारा. सेक्रेटरी काकांनी कागद वाचला आणि सांगितलं, तीन महिने बघू, पण पोडियमवर पट्टा सुटता कामा नये. पट्टा सुटलाच कसा तर साधा गळ्याचा होता, शेल्टीचं डोकं निमुळतं आणि मानेभोवती केसांची आयाळ, मान मागे ओढली की पट्टा सरळ निघून येतो. हार्नेस आला, म्हणजे छातीभोवती बसणारा पट्टा, दोन ठिकाणी अडकवलेला.

पावसाळा संपेपर्यंत खालच्या ताईंची झोप लागायला लागली होती, भुंकणं दिवसातून काही थोड्या वेळा आणि थोडा वेळ. वजन हळूहळू उतरलं, साडेदहाला आलं. मुलांच्या जवळून तो हार्नेसवर आरामात जातो. पण मोकळा सोडला तर सायकलमागे जाईल का? जाईल, मला वाटतं, आणि म्हणून तो पोडियमवर कधीच मोकळा असणार नाही, हे घरच्यांना मी स्पष्ट सांगितलंय.

गणपतीत ढोल-ताशाला तो थरथरला, त्यामुळे दिवाळीची तयारी आधीपासून केली. आतली खोली, खिडक्या बंद, जाड पडदे, रेडिओ मोठा, फिरणं संध्याकाळ व्हायच्या आत उरकायचं. डॉक्टरांशी औषधाचंही आधीच बोलून ठेवलं, कारण फटाक्यांसाठी कुत्र्याला "झोपेचं काहीतरी द्या" म्हटलं की कित्येकदा एसप्रोमॅझिन दिलं जातं, आणि ते एकतर भीती कमी करत नाही, कुत्रा फक्त ढिला पडतो आणि आतून घाबरलेलाच राहतो, शिवाय एमडीआर१वाल्या कुत्र्यात त्याचा असर जास्त आणि लांब होतो. काजूच्या डॉक्टरांनी दुसरं औषध निवडलं, फटाक्यांच्या दिवसांच्या आधी एकदा ट्रायल डोस देऊन बघितला, लक्ष्मीपूजनाला तो कपाटाशेजारी आजोबांच्या पायाशी पडून होता, खाल्लंही थोडं.

आता त्याच सोसायटीतल्या दुसऱ्या विंगमधल्या एका कुटुंबाला काजूला बघून शेल्टी हवी आहे, आणि त्यांना निळसर-करडा मर्ल रंगच पाहिजे. त्यांना मी सांगितलं की पिल्लू बघायच्या आधी आईबाप बघा. दोघंही मर्ल असतील तर त्या वेतातल्या साधारण चारातल्या एका पिल्लाला मर्लचं जीन दोन्हीकडून मिळतं आणि अशी पिल्लं बहिरी, आंधळी किंवा दोन्ही निघू शकतात, तिथून उठून यायचं. आईबापाचा एमडीआर१ रिपोर्ट आणि डोळ्यांची तपासणी मागायची, कारण कोली आय नावाचा डोळ्याचा जन्मजात दोषही या जातीत असतो. ब्रीडर म्हणाला असलं काही लागत नाही, तर दुसरा ब्रीडर. आणि घरात दिवसा कोणी नसेल, सकाळचा अर्धा तास आणि विंचरायचा वेळ नसेल तर शेल्टी घेऊ नका, गेटजवळची शांत स्वभावाची एखादी देशी कुत्री दत्तक घ्या, तिला इथली हवा सोसते. त्यांनी विचार करून सांगतो म्हटलंय.